ज्याचं छप्पर, त्याचा गोटा

त्या राज्यात ऊन रोज यायचं, पण सगळ्यांकडे यायचं नाही.

राज्य एका खोल दरीत वसलेलं होतं. दरीच्या वरच्या अंगाला कातळाचं रुंद पठार होतं आणि तिथे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मुक्कामालाच असायचा. या भागाला वरची आळी म्हणत. तिथे ससे, वानरं, मोर, सांबरं अशी अंगावर दाट केस किंवा पिसं असलेली मंडळी राहत आणि त्यांची घरं गवती छपरांची, चांगली ऐसपैस होती. दरीच्या तळाला, वडाच्या मुळांखाली आणि ओल्या मातीत, खालची आळी होती. तिथे बेडूक, कासवं, सापसुरळ्या असे जीव राहत, ज्यांचं अंग मुळातच गार. ऊन तिथे फक्त भर दुपारी डोकवायचं, चुकून भलत्याच्या दारात आलेल्या पाहुण्यासारखं, आणि लगेच परत फिरायचं. म्हणजे ज्यांना उबेची फारशी गरज नव्हती ते उन्हात, आणि ज्यांचं उबेवाचून पान हलत नव्हतं ते सावलीत, अशी ही व्यवस्था होती. ती कुणी लावून दिली हे कुणालाच आठवत नव्हतं. त्यामुळे ती फार जुनी आणि म्हणून फार चांगली आहे, असं वरच्या आळीत मानलं जाई.

थंडीसाठी सगळ्यांना एकच आधार होता, तो म्हणजे तळाशी असलेली भट्टी. ती एका म्हाताऱ्या अस्वलाकडे होती आणि त्याला सगळे आबा म्हणत. आबा ओली लाकडं, कुजकी खोडं, पालापाचोळा, हाताला लागेल ते भट्टीत ढकलायचे आणि भट्टी बारा महिने धुमसत राहायची. संध्याकाळ झाली की दोन्ही आळ्यांतले लोक खापरात निखारे घेऊन जात. धूर दरीभर पसरे, वर चढे, छपरांत शिरे. खालचे खोकत, वरचे खोकत, आणि आबा तर बोलण्यापेक्षा खोकतच जास्त. राज्यात सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली तेवढी एकच गोष्ट होती.

राज्याचा कारभार सभेत चाले. सभा वरच्या कातळावर भरे, आणि एखादा ठराव मान्य असेल तर शेपटी वर करायची अशी तिथली रीत होती. सभापती सांबरराव शेपट्या मोजत आणि निकाल सांगत. रीत मोठी सोपी होती. वानरांच्या शेपट्या लांबलचक, मोरांच्या तर डोळे दिपवणाऱ्या. सशांच्या आखूड असल्या तरी पांढऱ्याशुभ्र, लांबून दिसणाऱ्या. बेडकांना मात्र लहानपणीच शेपटी असते आणि तेव्हा ते पाण्याबाहेर येत नाहीत. ते सभेला येण्याजोगे मोठे होईपर्यंत शेपटी गळून गेलेली असे. कासवाची शेपटी पाठीखाली झाकलेली, ती कुणाला दिसणार? सापसुरळ्यांना शेपट्या होत्या, पण घाबरल्या की त्या तुटून पडत, आणि सभेत त्या नेहमीच घाबरत. आबांची शेपटी कधीकाळी होती असं आबाच सांगत, पण केसांच्या गुंत्यात ती त्यांनाही सापडत नसे. यात कुणाचा काही वाईट हेतू होता असं नाही. फक्त ही रीत ज्यांनी पाडली त्यांना सगळ्यांना शेपट्या होत्या.

खालच्या आळीतून वर येऊन सभेत नाव काढणारी एकच होती, ती घोरपड. ती वडाच्या मुळांत वाढली. आई लवकर गेली, तेव्हा शेजारच्या कासवमावशीने तिला सांभाळलं. घोरपड लहानपणापासून हट्टी. दरीचा कडा ज्या दिवशी ती पहिल्यांदा चढली, त्या दिवशी ती कितीतरी वेळा घसरली असेल, पण नखं रोवली ती रोवलीच. वर पोहोचली, पोटभर ऊन खाल्लं आणि ठरवलं की आता आपण इथलंच व्हायचं. शेपटी दणकट असल्याने सभेत तिला लगेच मान मिळाला. पुढे पठाराच्या टोकाला तिने स्वतःचं छोटंसं छप्परही उभारलं आणि त्याच्याकडे बघताना तिची मान जरा ताठच व्हायची.

मग गोट्यांचा शोध लागला. शोध कसला, एक वानर संध्याकाळी पठारावर पडलेल्या नदीतल्या एका काळ्या गोट्यावर टेकलं आणि किंचाळून उडालं. दिवसभर उन्हात पडलेला गोटा अजून तापलेलाच होता. वानराच्या बुडाला जे कळलं ते थोड्याच दिवसांत राज्याला कळलं. काळा गोटा दिवसभर उन्हात ठेवावा, संध्याकाळी घरात घ्यावा, म्हणजे पहाटेपर्यंत ऊब मिळते. धूर नाही, राख नाही, खोकला नाही. वरच्या आळीत आनंदीआनंद झाला आणि आनंदापाठोपाठ भांडणंही झाली. कातळावर उघड्यावर ठेवलेले गोटे संध्याकाळपर्यंत जागेवर राहीनात. हा माझा, तो तुझा, यावरून मोरांनी एकमेकांची पिसं उपटली.

तेव्हा सभेने उन्हाच्या कारभारासाठी घोरपडीला नेमलं. उन्हात पडून राहण्याचा जेवढा अनुभव तिला होता तेवढा राज्यात दुसऱ्या कुणाला असणार? तिने विचार केला आणि नियम केला: ज्याचं छप्पर, त्याचा गोटा. दर छपरामागे नदीतला एक गोटा सरकारातून मिळेल, तो ज्याने त्याने आपल्याच छपरावर तापवायचा. दुसऱ्याच्या छपरावर चढेल तो चोर.

नियम इतका सुटसुटीत होता की सगळ्या शेपट्या एकदम वर झाल्या. भांडणं मिटली. एका सुगरणीने हौसेने आपल्या लोंबत्या खोप्यावर गोटा ठेवला आणि ती, खोपा आणि गोटा असे तिघेही ओढ्यात पडले, एवढा एक प्रकार सोडला तर सारं सुरळीत झालं. घोरपडीचं नाव जिकडेतिकडे झालं. लोक रस्त्यात थांबवून तिला म्हणत, "कारभारीणबाई, नियम करावा तर तुम्हीच." तिलाही तो नियम इतका आवडला होता की ती कधीकधी एकटीच असताना मोठ्याने म्हणून बघायची.

त्या पावसाळ्याच्या शेवटी सभेने आणखी एक ठराव केला. आता भट्टीची गरज उरली नाही. ज्या सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं होईल, त्या दिवशी भट्टी कायमची विझवायची. शेपट्या अशा काही उठल्या की सांबररावांनी मोजण्याचा नादच सोडला. ही आनंदाची बातमी खाली सांगायला घोरपड स्वतः निघाली. कितीतरी दिवसांनी ती खाली जात होती.

कासवमावशी भट्टीच्या काठाला, कोमट वाळूत बसलेली होती. राखेने आणि काजळीने तिची पाठ इतकी माखली होती की घोरपडीला आधी ते मातीचं ढेकूळच वाटलं. मग ढेकळाने मान बाहेर काढली.

"कोण, तू व्हय?" मावशी म्हणाली. "किती दिसांनी आलीस गं. बस. हळू, इथं वाळूत पाय देऊ नगं. खाली अंडी हायेत."

घोरपड एकदम मागे सरली. मावशीने किती वर्षं वाट पाहिली होती ते तिला ठाऊक होतं. दर वर्षी मावशी सावलीतल्या मातीत अंडी घालायची आणि दर वर्षी ती गार पडून वाया जायची. वर ऊन होतं, पण वर सगळा कातळ, आणि अंडं पुरायला माती लागते. यंदा आबांनीच तिला भट्टीच्या कडेची वाळू मोकळी करून दिली होती. धुराने मावशीचे डोळे सतत वाहत होते, आवाज बसला होता, पण वाळू उबदार होती आणि अंड्यांत जीव धरला होता. हे सांगताना मावशीच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून घोरपडीला आपण काय सांगायला आलो तेच आठवेना.

पण सांगावं तर लागणारच होतं. तिने सांगितलं.

मावशीने वाळूवरची राख पायाने हळूच बाजूला केली. "विझवा की," ती शेवटी म्हणाली. "ह्यो धूर कुणाला हवाय? पर मग माझ्या अंड्यांचं काय करू?"

"तुला गोटा मिळेल ना मावशी. छपराला एक."

"बिळाला कुठलं आलं छप्पर?"

भट्टीपलीकडून आबा खोकत खोकत आले. ते म्हणाले, "मला तरी कुठं हौस हाय धुरात बसायची? पर आजवर लोकं माझ्या दारात यायची. भट्टी गेल्यावर या म्हाताऱ्याकडं कोण फिरकंल, ते बी सांगून जा, कारभारीणबाई."

कडा चढून वर जाताना तिने आपला लाडका नियम नेहमीप्रमाणे मनात म्हणून पाहिला. प्रथमच तो तिला अर्धवट वाटला.

सभेपुढे तिने विषय मांडला. खालच्या आळीला छपरं नाहीत, तेव्हा त्यांचे गोटे वरच्या कातळावर, सामाईक जागेत तापवू द्यावेत, असं तिचं म्हणणं होतं. सभा गडबडली. सशांचा पुढारी ससोजी उठून उभा राहिला. तो वाईट नव्हता. फक्त आपली आळी सोडून कधी कुठे गेला नव्हता आणि त्यामुळे जगाबद्दल त्याची मतं पक्की होती.

"सामाईक म्हणजे पुन्हा भांडणं," तो म्हणाला. "छप्पर हवं तर त्यांनी बांधावं. आम्ही नाही बांधली?"

खालच्यांनी तेही करून पाहिलं. बेडकांनी दोन दिवस खपून वडाच्या मुळाशी एक देखणं गवती छप्पर उभं केलं, वर एक गोटा ठेवला आणि सगळे भोवती बसून राहिले. संध्याकाळी गोट्याला हात लावला तर तो बर्फासारखा. छप्पर होतं, गोटा होता, ऊनच तेवढं नव्हतं. बेडकांनी त्या छपराखाली बसून रात्रभर गाणी म्हटली, कारण बांधलेलं छप्पर फुकट जायला नको.

मग सभेने खाली खरोखरच थंडी आहे का, याचा अभ्यास करायला मोरांचं मंडळ पाठवलं. मोरांना पहाटेच्या दवात पिसं भिजलेली चालत नाहीत आणि संध्याकाळी त्यांना लवकर झोप येते, म्हणून मंडळ भर दुपारी खाली उतरलं. नेमकं तेव्हाच तळाला ऊन डोकावलेलं होतं. मंडळाने त्या उन्हात पिसारे फुलवले, थोडा नाच केला, आणि वर येऊन सांगितलं की खालची हवा अत्यंत आल्हाददायक असून तिथे राहायला मिळणं हे भाग्यच आहे.

घोरपडीने कपाळावर हात मारून घेतला. राग तिला मोरांचा आला त्याहून जास्त स्वतःचा आला. दिवस भराभर गार होत चालले होते आणि भट्टीच्या काठची वाळूही पहाटे निवू लागली होती. एका संध्याकाळी तिला घरात बसवेना. तिने आपल्या छपरावरचा तापलेला गोटा काढला, छातीशी धरला आणि कडा उतरून मावशीच्या अंड्यांवरच्या वाळूत ठेवून दिला. मावशी नको नको म्हणत राहिली, पण ऐकेल तर ती घोरपड कसली. ती तशीच रिकाम्या हाताने घरी परतली.

सकाळी तिला पाय हलवता येईनात. घोरपडीचं अंगही कासवासारखंच गार असतं. इतकी वर्षं वरचं ऊन, छप्पर आणि रात्रीची ऊब मिळाल्यामुळे हे ती विसरून गेली होती, एवढंच. डोळे उघडे, मन जागं, आणि अंगाचं लाकूड झालेलं. दाराबाहेर हातभर अंतरावर ऊन पडलेलं दिसत होतं आणि तिथवर जाता येत नव्हतं. लहानपणी रोज सकाळी असंच व्हायचं. ते तिला आठवलं आणि रडू आलं.

गोटा परत द्यायला वर आलेल्या आबांनी तिला त्या अवस्थेत पाहिलं. त्यांनी तिला दोन पंजांत उचललं, कातळावर उन्हात ठेवलं आणि शेजारी खोकत बसून राहिले. घोरपडीच्या अंगात हळूहळू धग आली. शेपटीचं टोक हललं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली.

"आबा, हा एवढा गोटा तुम्ही कडा चढून आणलात? धाप नाही लागली?"

"गोट्यानं न्हाई लागत," आबा म्हणाले. "धुरानं लागती. असली धोंडी मी झोळीभर आणीन."

घोरपड उन्हात पडल्या पडल्या आबांच्या रुंद पाठीकडे बघत मनात गोटे मोजू लागली.

ज्या सकाळी गवत पांढरं झालं त्या सकाळी सभा मोठ्या थाटात भरली. भट्टी विझवायला मडकी भरून तयार होती. घोरपड मधोमध येऊन उभी राहिली.

"ज्याचं छप्पर त्याचा गोटा हा नियम माझा आहे," ती म्हणाली. "तो चुकलाय. मी तो केला तेव्हा मला फक्त छपरं दिसत होती. ज्यांना ती नाहीत त्यांच्यात मी वाढले, आणि तरीही मला ते दिसले नाहीत. याची मला लाज वाटते."

सभेत असं कुणी कधी बोललं नव्हतं. नियम चुकला तर लोकांचं चुकलं असं म्हणायची तिथली पद्धत होती. काय करावं हे न सुचून दोन वानरांनी शेपट्या वर केल्या आणि पुन्हा खाली घेतल्या.

तेवढ्यात आबा पुढे आले. सभेत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "मावशीच्या अंड्यांची सोय हुईपर्यंत भट्टी मी इझवणार न्हाई," ते म्हणाले. "मडकी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. खालच्यांना गोटे तापवाय जागा द्या. सकाळी मी ते वर आणीन, सांजच्याला खाली नेईन. मग इझवा भट्टी. मीच पयलं मडकं ओततो."

ससोजी उठणार होता, पण नेमका खालून धुराचा लोट आला आणि त्याला असा खोकला लागला की त्याचं भाषण त्यातच संपलं. धुरापुढे सगळेच नरमले. बरीच कुजबुज झाली आणि सांबररावांनी तोड काढली. सामाईक गोट्यांचा प्रयोग प्रायोगिक तत्त्वावर करावा, तोही अंडी फुटेपर्यंतच. पुढे मूळ नियम आहेच. जागा म्हणून पठाराची पूर्वेकडची उतरती कड द्यावी, कारण ती कुणालाच नको होती. शेपट्या वर झाल्या. ससोजीची अर्धीच झाली, पण सांबररावांनी ती धरली.

त्याच दिवशी आबांनी पहिलं मडकं ओतलं. भट्टीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि दरीतला धूर वाऱ्यावर निघून गेला. खालच्या आळीतल्या पोरांनी तळातून समोरचा कडा पहिल्यांदाच स्वच्छ पाहिला आणि तो इतका उंच आहे म्हणून ती घाबरून आयांना बिलगली.

हिवाळाभर ते काम चाललं. सकाळी आबा गोट्यांची झोळी पाठीवर टाकून कडा चढत. कडेच्या कातळावर सापसुरळ्या गोटे मांडत, आणि ऊन सरकलं की बेडूक ओरडून सांगत, मग सगळे गोटे उन्हामागे सरकवले जात. बेडकांना ओरडायचं काम अधिकृतपणे मिळाल्याने त्यांचा उत्साह आवरता आवरत नव्हता. उन्हं कलली की झोळी खाली उतरे. निम्मे गोटे अंड्यांभोवतीच्या वाळूत जात, निम्मे आळीपाळीने बिळांत. आता निखाऱ्यांसाठी नाही, पण गोट्यांसाठी लोक आबांची वाट बघत दारात उभे राहत. आबांचा खोकला हटला आणि त्यांना गाता येतं असं निघालं. ते फार बरं गात होते असं नाही.

मधे धुक्याचे दिवस आले तेव्हा मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. पूर्वेची कड दुपारपर्यंत धुक्यात बुडून राही आणि ती सुटेपर्यंत ऊन पलीकडे गेलेलं असे. गोटे कोमटसुद्धा होईनात. मावशी वाळूवर पोट टेकून बसली होती, पण तिचं स्वतःचंच अंग गार, ती कुणाला ऊब देणार? घोरपड रोज आपला गोटा आणत होती आणि दिवसा उन्हात पडून कसंबसं अंग सोडवत होती. एक गोटा कुठवर पुरणार, हे दोघींनाही कळत होतं.

एका संध्याकाळी कड्यावरून धापा टाकत कुणीतरी उतरताना दिसलं. तो ससोजी होता. काखेत त्याच्या छपरावरचा गोटा, चांगला तापलेला. खालच्या गारठ्यात पाऊल टाकताच त्याचे लांब कान आपोआप पाठीला चिकटले.

"इथे रोज असंच असतं?" त्याने विचारलं.

"न्हाई," मावशी म्हणाली. "आज जरा बरं हाय."

ससोजीने वाळूत हात घालून पाहिला. गोटा वाळूत ठेवून तो म्हणाला, "फक्त आजच्यापुरता हं." दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याच्यामागे दोन वानरं होती आणि एक मोर, जो पिसारा चिखलाला लागू नये म्हणून तोंडात धरून चालत होता आणि त्यामुळे त्याला काहीच बोलता येत नव्हतं. धुकं उठेपर्यंत ही मंडळी येत राहिली.

आणि मग एका सकाळी बेडूक असे काही ओरडले की वरच्या आळीला वाटलं ऊन एकदम चार हात सरकलं. ऊन सरकलं नव्हतं. वाळू हलली होती.

घोरपड कडा उतरून धावत आली तेव्हा मावशी पिल्लांना ओढ्याच्या पाण्यात एकेक करून बुडवून काढत होती आणि हसत होती आणि रडत होती. "बघ गं," ती एवढंच म्हणत होती, "बघ तरी." घोरपडीला धड बघता येत नव्हतं, कारण तिचेही डोळे भरून आले होते. मावशीने मग स्वतःही ओढ्यात डुबकी मारली. भट्टीची कितीतरी वर्षांची काजळी पाण्यात काळी रेघ काढत वाहून गेली.

त्याच दिवशी सभा भरली. अंडी फुटली होती, म्हणजे प्रयोग संपला होता. मंजूर झालेल्या ठरावाप्रमाणे कडेवरचे गोटे परत घ्यायचे होते. वरच्यांचे चेहरेही काही फार आनंदी नव्हते, पण ठराव तो ठराव. घोरपडीने कडा चढता चढता एक भाषण जुळवलं होतं. पुढच्या थंडीत बेडकांचं काय, सापसुरळ्यांचं काय, असं सगळं त्यात होतं. भाषण चांगलं होतं, पण त्यावर किती शेपट्या वर होतील हे तिने मनातल्या मनात मोजलं होतं आणि उत्तर तिला आवडलं नव्हतं.

सांबररावांनी घसा साफ केला. "प्रयोगाची मुदत संपली आहे. यापुढे मूळ नियम लागू. ज्याचं छप्पर..."

तेवढ्यात आबा कडा चढून वर आले. त्यांनी झोळी पाठीवरून काढली आणि सभेच्या मधोमध कातळावर हलकेच रिकामी केली. गोटे नव्हते. पिल्लं होती, पोरांना जग दाखवायला आणलेली. त्यांच्यामागून, ओढ्यातून निघून सावकाश चढत आलेली कासवमावशी कातळावर पोहोचली.

एवढी शिंगं, पिसारे आणि कान एकदम पाहून पिल्लं घाबरली. त्यांनी डोकी आत घेतली, पाय आत घेतले, आणि कातळावर उरली ती नुसती ओळीने मांडलेली छपरं. लहानलहान, गोल, पक्की. धुराचा स्पर्शही न झालेली. काळ्या रंगावर मधोमधून चहूकडे पसरलेल्या पिवळ्या रेघा, पोरं सूर्य काढतात तशा.

सांबररावांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. ते छपरांकडे बघत राहिले, मग धुतलेल्या, लखलखीत, तशाच रेघांच्या पाठीच्या मावशीकडे बघत राहिले. घोरपड आपलं भाषण विसरली.

शांतता आहेसं पाहून पिल्लांनी हळूच पाय बाहेर काढले. डोकी काढली. आणि प्रत्येक छपराच्या मागून एक इवलीशी शेपटी बाहेर आली आणि उन्हात ताठ वर झाली. सांबरराव सवयीने त्या मोजू लागले.

"ज्याचं छप्पर, त्याचा गोटा," असं पुटपुटत ससोजी उठला. कडेवर पडलेल्या गोट्यांतून त्याने बोराएवढा एक काळा खडा निवडला, तळव्यावर धरून चांगला तापला आहे ना ते पाहिलं, आणि पुढच्या पिल्लाच्या पाठीवरच्या दोन उंचवट्यांमधे नीट बसवला. मग दुसऱ्याच्या. मोरही उठले, वानरंही उठली. घोरपडीने स्वतःच्या छपरावरचा गोटा आणला आणि मावशीच्या पाठीवर ठेवला.

संध्याकाळी दरीत सावली उतरायच्या आधी, कड्याच्या वाटेने आबांच्या गाण्यामागून एक रांग निघाली. सगळ्यात पुढे बोराएवढे खडे, मागे एक मोठा गोटा, सगळे उबदार, सगळे डुलत डुलत चाललेले. बेडूक तळाशी आपल्या वाट्याच्या उबेसाठी वर बघत उभे होते, आणि ऊन स्वतःच्या पायांनी खालच्या आळीत येत होतं.